झोळीवरची ताडपत्री

दसरा झाला की मराठवाड्यातल्या पुष्कळ गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. बीड, जालना आणि आमच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातली माणसे पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिने फडाजवळ कोप्या करून राहतात. ट्रॉलीवर भांडीकुंडी चढतात, जळण चढते, शेळी चढते, आणि सगळ्यांत वर गुंडाळलेली ताडपत्री. इकडे पावसाळा उतरला की आमच्या कॉलेजातली मुले पाठीवर पिशव्या टाकून अजिंठ्याच्या डोंगररांगेत भटकायला जातात. त्यांच्या पिशवीत झाडाला टांगून निजायची झोळी असते आणि तिच्यावर ताणायला एक ताडपत्री. एकाला पोट नेते, दुसऱ्याला हौस नेते. पण वरून येणारा पाऊस दोघांनाही सारखाच. म्हणून आज या ताडपत्रीविषयी थोडे बोलायचे आहे.

शब्दच पाहा कसा आहे. इंग्रजांच्या जहाजांवर डांबर फासलेले जाड कापड असे, त्याचे नाव टारपॉलिन. आपल्या लोकांच्या कानाला ताडपत्र ठाऊक होते, म्हणून त्यांनी त्या नावाला ओळखीचा सदरा चढवून दिला. निजायच्या झोळीची कथा उलटी. कोलंबस 1492 मध्ये वेस्ट इंडीज बेटांवर पोचला तेव्हा तिथली माणसे दोन खांबांना टांगलेल्या जाळीत झोपलेली त्याने पाहिली. तो हमाका शब्द युरोपात गेला आणि त्याचा हॅमक झाला. आपल्याकडे मात्र बाभळीच्या फांदीला आईच्या जुन्या लुगड्याची झोळी बांधून तान्ह्या मुलाला निजवायला कोणाही कोलंबसाची गरज पडली नव्हती.

ही झोळी मी जवळून पाहिलेली आहे. माझे आईवडील कोयत्यावर जात. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. धाकटी बहीण तेव्हा झोळीत होती. कोपीवर खताच्या पोत्यांतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या उसवून, एकमेकींना शिवून केलेले छप्पर होते. हंगाम संपत आलेला, मार्चअखेर, आणि रात्री वळीव आला. छप्पर सैल होते. मधोमध त्याला पोट सुटले आणि पाणी साचू लागले. वडील खालून काठीने ते पोट वर ढकलत होते. त्याच काठीने प्लॅस्टिक फाटले आणि सगळे पाणी एकदम चुलीवर आणि झोळीवर आले. आईने झोळीसकट पोर उचलले आणि ट्रॉलीखाली जाऊन बसली, ती उजाडेपर्यंत. बहिणीला पुढे पंधरा दिवस छातीत कफ होता. ती वाचली, पण त्या तळावर सगळ्यांचीच पोरे वाचली असे मला म्हणता येणार नाही.

पुढे शिकल्यावर मी ते पाणी मोजून पाहिले. चार फूट लांब, चार फूट रुंद खळगा आणि सरासरी चार इंच पाणी, एवढे धरले तरी त्याचे वजन दीडशे किलोच्या घरात जाते. म्हणजे दोन मोठी माणसे त्या छपरावर बसली होती म्हणा ना! छप्पर कच्चे होते हे खरेच, पण खरा दोष बांधणीचा होता. पाण्याला उतार नव्हता. मधली आडवी दोरी उंच घेऊन दोन्ही बाजूंना दोन हात अंतराला निदान एक हात उतार दिला असता, तर तेच जुने प्लॅस्टिक ती रात्र काढू शकले असते.

आता निवड. सुती कॅनव्हास जड असते, महाग पडते, पण आतली वाफ कोंडत नाही. ते भिजले की धागे फुगून विणीची छिद्रे बुजतात. मात्र पाऊस चालू असता आतून हात लावू नका, लावाल तिथून गळू लागेल. बाजारात आज जास्त खपते ती विणलेल्या प्लॅस्टिकची, दोन्ही बाजूंनी पातळ थर दिलेली ताडपत्री. हलकी, स्वस्त, चटकन वाळणारी. तिचा वैरी पाऊस नव्हे, ऊन आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि दुसऱ्या हंगामाला घडीवर तडकते. काळ्या ताडपत्रीत काजळी मिसळलेली असते, ती हे किरण अडवते. म्हणून काळी टिकते जास्त, पण दुपारी तिच्याखाली जीव नकोसा होतो.

दुकानदार 'जीएसएम' सांगतो. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम, एवढाच त्याचा अर्थ. तो आकडा छापील लेबलावरून मानू नका, दुकानातल्या काट्यावर ताडपत्री ठेवा. पंधरा फूट बाय बारा फुटांची ताडपत्री पावणेसतरा चौरस मीटर भरते. ती 200 जीएसएमची असेल तर वजन साधारण तीन किलो साडेतीनशे ग्रॅम आले पाहिजे. दोनच किलो भरली तर ती 120 ची आहे, मग लेबलावर काहीही असो. लांबीरुंदीही टेपने मोजा. कडा दुमडण्याआधीचे माप सांगायची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. शेवटी ती सूर्यासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर परत ठेवा. दुकानदार कुरकुरेल. कुरकुरू द्या.

घरी आणलेली ताडपत्री तशीच टांगू नये, तिला थोडे हाताखालून घालावे लागते. कडेच्या धातूच्या कड्या पहिल्याच वावटळीत उपटून येतात. जुन्या ताडपत्रीचे वीतभर तुकडे दुहेरी करून कोपऱ्यांना मोच्याकडून शिवून घ्या. तेही जमत नसेल तर एक गुळगुळीत गोटा कापडाच्या आतून धरा आणि बाहेरून त्याच्या मानेला दोरी आवळा. भोक पाडायला नको, टाका घालायला नको, आणि अशी गाठ कड्यापेक्षा जास्त ताण सोसते.

सरळ कापलेली कड वाऱ्यात फडफडते, आणि फडफडणारे कापड फाटतेच. म्हणून जाणकार लोक कड किंचित आत वळवतात. ती वळणाची रेषा कशी काढायची? शिक्षकमित्रांनी हे वर्गात करून पाहावे. भिंतीत दहा फुटांवर दोन खिळे ठोका, त्यांना एक साखळी अशी अडकवा की मधे चार-पाच इंच झोल राहील, आणि खडूने ती रेषा गिरवा. गॅलिलिओने या रेषेला अन्वस्ताच्या जवळची मानले होते. तिचे खरे समीकरण हायगेन्स, लायब्निट्झ आणि योहान बर्नुली यांनी 1691 मध्ये मांडले. तीच रेषा ताडपत्रीच्या कडेवर उतरवून, आत दोरी घालून दुमड शिवली की कापड ढोलासारखे ताणले जाते. विणलेली ताडपत्री कापल्यावर धागे सुटतात, तेव्हा दुमडीचा आळस करू नका.

चौकोनी ताडपत्री कर्णावर टांगायची युक्ती मुलांना फार आवडते. दहा फुटांच्या चौरसाचा कर्ण चौदा फूट, म्हणजे दहा फुटांची झोळी सहज झाकली जाते. माझे मत विचाराल तर हिवाळ्यातल्या दवाला ही ठीक आहे; वळवाच्या आडव्या पावसात टोकाकडे ती अरुंद पडते आणि पाय भिजतात. तेव्हा लांबट ताडपत्रीच बरी, झोळीच्या दोन्ही टोकांना फूटभर पुढे येणारी.

झोळीची दोरी फार ताणू नये. ती आडव्याशी तीस अंशांचा कोन करीत असेल तर प्रत्येक बाजूच्या दोरीवर माणसाच्या वजनाइतकाच ताण येतो. ती जवळजवळ सपाट, दहा अंशांवर बांधली तर तोच ताण वजनाच्या जवळजवळ तिप्पट होतो. साठ किलोच्या माणसाला एकशे सत्तर किलोचा! दोरी तुटते ती अशी. झाडाला तार गुंडाळू नका. खाटेची रुंद नवार गुंडाळा, साल कापली जात नाही. आणि पाणी दोरीवरून ओघळत थेट अंथरुणात येते, म्हणून ताडपत्रीच्या आत आल्यावर दोरीला सुतळीचा एक तुकडा लोंबता बांधा. पाणी त्या वातीवरून खाली टपकते.

दोन गोष्टी मात्र मायबहिणींना हात जोडून सांगतो. प्लॅस्टिकच्या छपराखाली चूल मांडू नका आणि झोळीजवळ तर मुळीच नको. जळते प्लॅस्टिक ठिबकते. आणि आभाळ गरजू लागले की माळावरच्या एकट्या झाडाला बांधलेल्या झोळीतून मूल आधी काढा, कपडे मागाहून. फेब्रुवारी-मार्च 2014 मध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, ती आठवत असेल तर हंगाम कोरडा असतो या भरवशावर कोणी राहणार नाही.

शिक्षकांनी हे टोळ्या निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास गावात सांगावे. जी मुले हंगामी वसतिगृहात मागे राहतात त्यांची सोय होते. जी आईबरोबर जातात त्यांच्यातल्या मोठ्या पोरांना गोट्याची गाठ आणि सुतळीची वात शिकवायला एक तास पुरतो. हंगाम संपून ताडपत्री परत आली की धुऊन, पुरती वाळवून, दर वर्षी निराळ्या ठिकाणी मोडून घडी घाला आणि उंदरांपासून दूर, सावलीत टांगून ठेवा.