धुतलेला दात, न चिकटलेलं फिलिंग



तुमच्यातले काही जण बीडीएस करताहेत, बहुतेक जण नाहीत. पण विषय सगळ्यांचा आहे, कारण दाढ ठणकायला लागली की रूट कॅनलची वेळ कुणावरही येते. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करते.

इचलकरंजीत माझा छोटा दवाखाना आहे. यंत्रमागासाठी कांड्या भरणाऱ्या एका खालांची दाढ मी रूट कॅनल करून वाचवली होती. पैसे त्यांनी तीन हप्त्यांत दिले. कॅप परवडणार नव्हती, म्हणून वर फक्त फिलिंग केलं. दीड वर्षानं त्या परत आल्या. म्हणाल्या, "बेटा, नस तर तू काढलीस, मग आता दुखतंय काय?"

एक्स-रे काढला. मुळाच्या नळ्या टोकापर्यंत नीट भरलेल्या होत्या, तरी एका मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसत होती. वरच्या फिलिंगच्या कडेला फट होती. थोडा जोर लावला आणि ते अख्खं निघून आलं. दाताला त्याचा कणही चिकटलेला नव्हता. फटीतून लाळ आणि जंतू आत जात होते.

जुना केसपेपर पाहिला. शेवटची धुलाई सोडियम हायपोक्लोराइटची. नळ्या कोरड्या केल्या, भरल्या आणि त्याच बैठकीत वर चिकटवायचं द्रव्य लावून फिलिंग केलं. मधे काहीच नाही. फिलिंग फक्त याच कारणानं सुटलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. चावण्याचा जोर, ओलावा, कॅप नसणं हीही कारणं असतात. पण टाळता येण्यासारखं एक कारण मी टाळलं नव्हतं.

हायपोक्लोराइट म्हणजे घरातल्या ब्लीचमधलंच रसायन. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन आणि अ‍ॅलेक्सिस कॅरेल यांनी त्याचं साधारण अर्धा टक्क्याचं द्रावण सैनिकांच्या जखमा धुण्यासाठी वापरलं. आम्ही ते अर्धा ते सव्वापाच टक्क्यांपर्यंत वापरतो. ते जंतू मारतं आणि मेलेली नस विरघळवतं. त्याच्याशिवाय रूट कॅनल नीट होत नाही.

पण जे नस विरघळवतं, ते दातालाही सोडत नाही. दाताच्या आतल्या भागाला डेंटिन म्हणतात. त्यात कोलॅजनची बारीक जाळी असते. चिकटवायचं द्रव्य या जाळीत शिरून घट्ट होतं, तेव्हा फिलिंग धरून राहतं. हायपोक्लोराइट ही जाळी खातं. शिवाय मागे ऑक्सिजन ठेवून जातं आणि तो ऑक्सिजन द्रव्याला पूर्ण घट्ट होऊ देत नाही. वरून सगळं चकचकीत दिसतं, आतली पकड मात्र कच्ची राहते.

उपाय आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हायपोक्लोराइटनं धुतलेल्या डेंटिनला १० टक्के सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट लावलं, तेव्हा पकड परत आली. अ‍ॅस्कॉर्बेट म्हणजे क जीवनसत्त्वाचंच एक रूप. म्हणून घरी जाऊन दातांवर लिंबू चोळू नका, त्यानं इनॅमल झिजतं! हे प्रयोग काढलेल्या दातांवरचे आहेत आणि सगळ्या चिकटद्रव्यांचे निकाल सारखे नाहीत, हेही लक्षात ठेवा.

शिकणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. १७ टक्के ईडीटीए घासकामाचा थर काढतं. त्याला एखादा मिनिट पुरतो, जास्त ठेवलं तर डेंटिन झिजतं. २ टक्के क्लोरहेक्सिडीन कोलॅजन कुरतडणाऱ्या, दातातल्याच विकरांना आवरतं, म्हणून पकड टिकायला मदत होते. पण हायपोक्लोराइटवर ते थेट ओतू नका. तपकिरी-नारिंगी साका बसतो आणि दात डागाळतो. मधे सलाइननं धुवा.

वरच्या फिलिंगला एवढं महत्त्व का? १९९५ मध्ये रे आणि ट्रोप यांनी रूट कॅनल केलेल्या १०१० दातांचे एक्स-रे तपासले. नळ्या आणि वरचं फिलिंग दोन्ही चांगलं होतं, तिथे सुमारे ९१ टक्के दातांच्या मुळाशी सूज नव्हती. नळ्या चांगल्या पण वरचं काम खराब, तिथे हा आकडा सुमारे ४४ टक्क्यांवर आला. नंतरच्या काही अभ्यासांत नळ्यांच्या कामाला जास्त वजन मिळालं. म्हणून मी म्हणते, दोन्ही हवं.

आता बाकीच्यांसाठी. रूट कॅनल झाली, दुखणं थांबलं की आपण डॉक्टरांकडे परत जात नाही. कामावरची सुट्टी मिळत नाही, पैसे जुळत नाहीत. पण टेम्पररी फिलिंग हे नावाप्रमाणे टेम्पररीच असतं. ते झिजतं, गळतं. पक्कं फिलिंग आणि दाढेला कॅप यांचा खर्च सुरुवातीलाच विचारून घ्या आणि हप्ते ठरवा. "फिलिंग पक्कं कधी करणार?" हे विचारायला लाजू नका. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

खालांची दाढ मी पुन्हा उघडली, धुतली, भरली. पैसे घेतले नाहीत. त्यांना कारण सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "चूक कळली ना? मग पुढच्यांचं नीट कर."

तेव्हापासून शेवटी काय वापरून धुतलं आणि चिकटवण्याआधी काय केलं, हे मी प्रत्येक केसपेपरवर लिहिते. तुम्हीही लिहा.

आता तुमचे प्रश्न.