परत आलेल्या अब्बांशी ओळख



मित्र-मैत्रिणींनो, ज्यांचे वडील, चाचा किंवा मामू आखातात होते किंवा आहेत, त्यांनी जरा हात वर करा. बघा, किती हात! आपण राहतो तळोजा, पनवेल, नेरूळला. पण आपल्यातल्या पुष्कळांची गावं रायगड-रत्नागिरीत आणि घरं उभी राहिली ती आखातातल्या पगारावर. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले, तिकडे मोठी बांधकामं निघाली आणि कोकणातून माणसं गेली. कमी पगाराच्या कामगाराला कुटुंब नेण्याचा व्हिसा मिळत नाही. म्हणून बायको-मुलं इकडे आणि बाप तिकडे.

माझे अब्बा १९९६ मध्ये सौदीतल्या जुबैलला फिटर म्हणून गेले. मी तेव्हा एक वर्षाचा होतो. २०१७ मध्ये ते कायमचे परतले. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी. सगळ्या सुट्ट्या जोडल्या, तर एकवीस वर्षांत मला अब्बा जेमतेम वीस महिने मिळाले.

ते आले, आम्ही खूश झालो. पण आठवड्याभरातच खटके उडू लागले. एका रात्री मला उशीर झाला. अब्बांनी विचारलं, "कुठे होतास?"

मी म्हणालो, "इतकी वर्षं कुठे विचारलंत?"

अब्बा काही न बोलता आत गेले. अम्मी हळूच म्हणाली, "प्रत्येक फोनवर ते तुझंच विचारायचे. तूच फोनवर यायचा नाहीस."

त्या रात्री मला झोप आली नाही. सूरह यूसुफ आठवली. मुलाच्या विरहात हजरत याकूब (अ.स.) यांची दृष्टी गेली होती. हजरत यूसुफ (अ.स.) यांनी भेटीआधी आपला सदरा पाठवला. तो चेहऱ्यावर टाकताच दृष्टी परत आली. भेट त्यानंतर झाली.

मला वाटलं, आपणही आधी एखादा सदरा पाठवावा. फजरनंतर मी विचारलं, "अब्बा, जुबैलला एका खोलीत किती जण होतात?"

"आठ," ते म्हणाले. मग दुमजली खाटा, पाळीने स्वयंपाक, ईदच्या दिवशी फोनसाठी लागलेली रांग, सगळं सांगत बसले. चहा दोनदा झाला. शेवटी त्यांनी विचारलं, "तू गणिताला घाबरायचास ना? पुढे काय झालं?" त्यांना ते माहीत होतं!

मुलांनो, मनात राग असेल तर तो खोटा नाही. पण हिशेब मागण्याआधी एकदा हालहवाल विचारा. आणि इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना विनंती: परतल्यावर लगेच घराचा कारभार हाती घेऊ नका. तुमच्या माघारी हे घर अम्मीने चालवलं आहे. आधी घरच्यांच्या सवयी समजून घ्या.

आमचे खटके आजही उडतात. पण आता उशीर होणार असला की अब्बांनी विचारायच्या आधी मीच फोन करतो.

अल्लाह आपल्या घरांत मोहब्बत ठेवो. आमीन.