घण कोणाच्या हातात?

(शेवगाव येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



पोलाद म्हटलं की डोळ्यांपुढे भिलाई, जमशेदपूर येतं आणि कारखान्यातला पुरुष कामगार येतो. बाजारात पाल ठोकून बसलेली घिसाडी बाई येत नाही. ऐरणीवर तापलेलं लोखंड नवरा धरतो, घण ती मारते. विळा, खुरपं, कुऱ्हाड असं घडतं. (बाळंतपणानंतर कितव्या दिवशी घण उचललास, हे तिला एकदा विचारा.)

१९९१ साली पोलाद कारखान्यांवरचं परवान्याचं बंधन गेलं. जानेवारी १९९२ मध्ये किमतीवरचं आणि वाटपावरचं सरकारी नियंत्रणही उठलं. पुढे पैठणपलीकडे जालन्यात भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या वाढल्या. ज्या भंगारातून, ट्रकच्या जुन्या पाट्यातून ही बाई कोयता घडवायची, त्याला आता मोठं गिऱ्हाईक आहे. शिवाय यंत्रावर बनलेली अवजारं दुकानात आली, शेतात ट्रॅक्टर आला.

मोठ्या कारखान्यांनी माणसं कमी केली तेव्हा स्वेच्छानिवृत्तीची रक्कम तरी दिली. तिथे युनियन होती, भांडता आलं. हिचा घण थांबला तर हिनं कोणाच्या दारात जायचं?

आपणही काही धुतल्या तांदळासारख्या नाही. मागे आम्ही वस्तीचा सर्व्हे केला. नवऱ्यापुढे ‘लोहारकाम’ लिहिलं, तिच्यापुढे ‘घरकाम’. तो फॉर्म मीच भरला होता, आणि तिच्या तळहातांवरचे घट्टे मला समोर दिसत होते. ते फॉर्म पुन्हा भरायचे आहेत. या वेळी तिला विचारून.