खिडकीची आंतली बाजू

‘उमेदवारी’ हा शब्द आतां बहुधा निवडणुकीपुरताच उरला आहे. आमच्या वडिलांच्या पिढींत त्याचा अर्थ निराळा होता. कचेरींत, पेढीवर किंवा छापखान्यांत पगाराची आशा न धरतां काम शिकणाऱ्या मुलाला उमेदवार म्हणत. सहा महिने, वर्ष अशी उमेदवारी केली म्हणजे मग त्याचें नांव पगारपत्रकावर चढे. गेल्या उन्हाळ्यांत माझी पुतणी पेढे घेऊन आली व म्हणाली, ‘‘काका, मला बँकेंत इंटर्नशिप मिळाली.’’ मीं हा जुना शब्द तिच्यापुढें ठेवतांच ती हंसूं लागली. ‘‘म्हणजे मी निवडणुकीला उभी राहिलें कीं काय?’’ त्या दोन महिन्यांत तिनें जें पाहिलें व जें केलें, तें तिच्याच संमतीनें आज मी आपणांस सांगणार आहें. त्यांत माझाहि थोडा भाग आहे, आणि तो फारसा भूषणावह नाहीं.

मुलगी सोलापूरच्या एका महाविद्यालयांत वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांनीं प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावा यावर २०२० च्या शैक्षणिक धोरणानें भर दिला. त्यास अनुसरून महाविद्यालयानें तिला शहरांतील एका बँकेच्या शाखेंत पाठविलें. बँकेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. जमाखर्च, व्याजाचें गणित, ताळेबंद यांची तिनें कसून तयारी केली होती. पहिल्या दिवशीं तिला दाराजवळच्या टेबलाशीं बसविण्यांत आलें. टेबलावर पाटी होती, ‘आपली काय मदत करूं?’ आणि पहिल्या आठवड्यांत तिला जी मदत करावी लागली, तींत गणित असें नव्हतेंच. पैसे काढण्याच्या चिठ्ठ्या भरून देणें, पासबुक छापण्याच्या यंत्रांत तें कोणत्या बाजूनें घालावयाचें हें दाखविणें, ‘केवायसी’साठीं आधार कार्डाची प्रत पुन्हां कां मागतात हें समजावणें, आणि ‘साहेब जेवावयास गेले आहेत’ हें दिवसांतून वीस वेळां सांगणें, एवढेंच तें काम. संध्याकाळीं ती माझ्याकडे येऊन कुरकुरे. ‘‘काका, यासाठीं का मी तीन वर्षें अकौंटन्सी शिकलें?’’

तिचें ऐकतां ऐकतां मला मात्र एक गोष्ट जाणवली. आपण सुशिक्षित माणसें हल्लीं बँकेंत जातों तरी किती? २०१६ सालीं ‘यूपीआय’ सुरू झालें, आणि आतां भाजीवाल्याचे दहा रुपयेसुद्धां आपण फोनवरून देतों. १९६९ च्या जुलैंत १४ बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें, तेव्हां मी दहा-अकरा वर्षांचा होतों. वडिलांबरोबर बँकेंत गेलों म्हणजे पितळी टोकन मुठींत धरून जाळीमागच्या खजिनदाराकडे भीतभीत पाहत बसें. त्या काळीं बँकेंत जाणें ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. पुढें २०१४ च्या जनधन योजनेनें, ज्यांनीं बँकेची पायरी कधीं चढली नव्हती अशा कोट्यवधि लोकांचीं खातीं उघडलीं. प्रतिष्ठित मंडळी फोनकडे वळली, आणि खिडकीशीं उरला तो बहुधा ज्याचें काम फोनवर भागत नाहीं असा माणूस. म्हातारा, निरक्षर, परभाषी.

सोलापुरांत अशा गिऱ्हाइकांत विडी वळणाऱ्या बायकांचा भरणा मोठा. शहराच्या पूर्व भागांत तेलुगूभाषी पद्मशाली समाजाची वस्ती पिढ्यान् पिढ्या आहे. पुरुष मागावर आणि बायका विड्यांवर, असा तेथला जुना संसार. कारखान्यांतून पान-तंबाखू घरीं आणावयाची, पान भिजवून कात्रीनें कापावयाचें, तंबाखू भरून विडी वळावयाची, दोरा बांधावयाचा, आणि हजाराच्या हिशेबानें मजुरी घ्यावयाची. चाळीस वर्षें हें काम केल्यावर बोटांच्या रेषा झिजून जातात. हें इतकीं वर्षें या शहरांत राहूनहि मला ठाऊक नव्हतें. पेन्शन चालू राहण्यासाठीं वर्षांतून एकदां हयातीचा दाखला द्यावा लागतो, व तो आधारशीं जोडलेल्या यंत्रावर बोट टेकवून घेतात. म्हातारी बोट टेकवी, यंत्र नकार देई. बोट पुसून, धुवून, पुन्हां टेकवून. मग दुसरें बोट, तिसरें बोट. समोर जिवंत बाई उभी, आणि यंत्र म्हणे, ही बाई ती नव्हे! ‘‘दहाहि बोटें नापास झालीं, काका,’’ पुतणी म्हणाली. शेवटीं तिनेंच शोधून काढलें कीं २०२१ च्या नोव्हेंबरपासून चेहऱ्यावरूनहि हा दाखला देण्याची सोय झाली आहे. फोनवर तिनें तें साधलें. दुसऱ्या दिवशीं तिच्या टेबलापुढें सात बायका उभ्या होत्या.

शेजार तेलुगू असल्यामुळें तिला ती भाषा मोडकीतोडकी येते. बायका तिला ‘बिड्डा’ म्हणूं लागल्या. तेलुगूंत लेकराला तसें म्हणतात. तिची कुरकुर थांबली. शाखाधिकाऱ्यांचेंहि तिच्याकडे लक्ष गेलें, आणि तें तिला महागांत पडलें.

शाखेंतील एका टेबलावर विम्याचे काम पाहणारे गृहस्थ बसत. बँकांना विमा विकण्याची परवानगी असते व त्याबद्दल त्यांना दलाली मिळते. परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळविलेल्या माणसानेंच तो विकावा, असा नियमहि आहे. तेव्हां पुतणीला विकावयाचें कांहींच नव्हतें. ज्यांच्या ठेवीची मुदत भरली असेल त्यांना ‘जरा त्या टेबलाकडे न्यावयाचें’, एवढीच तिला आज्ञा होती. भिंतीवर एक फळा होता. कुणीं किती पॉलिसी मिळविल्या याचे आंकडे त्यावर रोज संध्याकाळीं लिहिले जात.

पांचव्या आठवड्यांत कुंभारीच्या घरकुलांतून साठीची एक विडी-कामगार बाई आली. भविष्यनिर्वाह निधीचे व आयुष्यभर सांठविलेले मिळून १ लाख रुपये तिनें मुदत ठेवींत ठेविले होते. त्या निधीच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ सालीं दरमहा १ हजार रुपये ठरली, आणि बाईला त्याहून फारसें अधिक मिळत नव्हतें. यावरून तिच्या लेखीं लाखाची किंमत काय, हें आपल्या ध्यानांत येईल. गृहस्थांनीं योजना सांगितली, पुतणीनें ती तेलुगूंत सांगितली. ठेवीपेक्षां जास्त मिळेल, हें सांगितलें. कंपनीचा फोन येईल, सगळें समजलें का म्हणून विचारतील, तेव्हां हो म्हणावयाचें, हेंहि सांगितलें. बाईनें एकच शंका काढली. ‘‘लागले तर काढतां येतील ना, बिड्डा?’’ गृहस्थ ‘हो, हो’ म्हणाले. पुतणीनेंहि ‘हो’ म्हटलें. बाई गृहस्थांकडे पाहतच नव्हती, ती या मुलीकडे पाहत होती. मग अंगठा उठला. कागदावर यंत्र नसतें. तेथें झिजलेला अंगठाहि चालला.

रात्रीं पुतणीनें घरीं माहितीपत्रक वाचलें. हप्ता ५० हजारांचा, दर वर्षाला एक, असे सात! पहिल्या हप्त्यानंतर भरणा थांबला तर भरलेल्यांतलें फारच थोडें हातीं येणार. ती माझ्याकडे आली तेव्हां साडेनऊ वाजून गेले होते.

‘‘काका, मीं तिला फसवलें.’’

‘‘तूं कुठें फसवलेंस? तूं तर नुसतें भाषांतर केलेंस.’’

‘‘तिनें माझ्याकडे बघून अंगठा दिला.’’

श्रोतेहो, मीं ३६ वर्षें शाळेंत मुलांना खरें बोलण्याचे धडे दिले. त्या रात्रीं मीं तिला काय सांगितलें असेल? तीन आठवडे राहिले आहेत. प्रमाणपत्र हातीं पडूं दे, मग पाहूं. मोठ्यांच्या व्यवहारांत पडूं नकोस. बोलतांना मला तें शहाणपणाचेंच वाटत होतें. तिनें वाद घातला नाहीं. दारांतून जातांना एवढेंच विचारलें, ‘‘काका, तुम्हीं खातें उघडलें तेव्हां त्याच्या अटी वाचल्या होत्या?’’ मीं वाचल्या नव्हत्या. आणि माझी तर सही आहे, अंगठा नव्हे.

बाईचें घर गांठावें, हा तिचा पहिला विचार. पत्ता बँकेच्या दप्तरांत होता. परंतु गिऱ्हाइकाची माहिती बाहेर वापरणार नाहीं, अशा कागदावर तिनें पहिल्याच दिवशीं सही केली होती, आणि तो कागद तरी तिनें वाचून सही केलेला होता. म्हणून ती सरळ शाखाधिकाऱ्यांकडे गेली. ते रागावले नाहींत. ‘‘बाईंची तक्रार आहे का? नाहीं ना? मग तूं कोण?’’ इतकेंच म्हणाले. फळ्यावर आंकडा आदल्या संध्याकाळींच चढला होता. मला वाटतें, वरच्या कचेरींत त्यांचेंहि नांव कोणत्या तरी फळ्यावर असेल.

साहाय्य आलें तें अनपेक्षित ठिकाणाहून. रोखपाल बाई निवृत्तीला टेकलेल्या. दोन महिन्यांत त्या पुतणीशीं चार वाक्यें बोलल्या नसतील. त्यांनीं तिला बोलावून सांगितलें कीं विमापत्र हातीं पडल्यापासून ३० दिवसांच्या आंत, तें नको असल्यास परत करतां येतें. मुद्रांक, वैद्यकीय तपासणी व तेवढ्या दिवसांची जोखीम यांचा खर्च वजा जातां पैसे परत मिळतात. मग त्यांनीं बँकेच्याच फोनवरून बाईला निरोप दिला, ‘पासबुक घेऊन या.’

बाई तिसऱ्या दिवशीं आली. ‘माझी चूक झाली’ हें वाक्य तेलुगूंत नीट कसें म्हणावें, हें पुतणीनें शेजारच्या बाईंना विचारून पाठ केलें होतें. तें म्हटलें, हप्त्यांची हकीकत सांगितली. बाई बराच वेळ गप्प बसली. मग तिनें विचारलें, ‘‘तुला यांत किती मिळाले?’’

‘‘कांहीं नाहीं.’’

‘‘मग कां सांगितलेंस?’’

याला पुतणीपाशीं उत्तर नव्हतें. मला तिनें हा प्रश्न सांगितला तेव्हां माझ्यापाशींहि नव्हतें.

विमापत्र टपालानें आल्यावर बाई तें घेऊन पुन्हां आली. पुतणीनें अर्ज लिहिला, प्रत्येक ओळ तेलुगूंत सांगितली, मग अंगठा घेतला, आणि अर्जाची पोंच मागून घेतली. फळ्यावरचा आंकडा एकानें कमी झाला. उमेदवारीच्या अखेरीस तिच्याबरोबरच्या दोन मुलांना ‘उत्कृष्ट’ असा शेरा मिळाला; हिच्या प्रमाणपत्रावर ‘नियमित हजर होती’ एवढेंच लिहिलें आहे.

पैसे परत येण्यास महिना लागला, व कांहींशे रुपये कापले गेले. बाईनें निघतांना पुतणीचा नंबर कागदावर लिहून घेतला होता; त्यावर तिच्या नातवानें फोन केला. या वेळीं आम्ही तिघें खिडकीच्या बाहेरच्या बाजूस उभे होतों, मी, पुतणी आणि ती. आलेले पैसे तिनें पुन्हां मुदत ठेवींत ठेविले. बँक बुडाली तरी २०२० पासून ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचें संरक्षण आहे, हें मीं तिला सांगितलें. तिनें ‘विमा’ हा शब्द ऐकतांच हात आंखडता घेतला, आणि तो विमा वेगळा, हें समजावतांना माझी पुरेवाट झाली. वारस म्हणून तिनें मुलीचें नांव लावलें. पावती हातीं आल्यावर ती पुतणीपुढें धरून म्हणाली, ‘‘वाच.’’ पुतणीनें रक्कम, व्याज, मुदतीची तारीख, सगळें वाचून दाखविलें. बाईनें पावती परत घेतली आणि ती माझ्या हातांत दिली.

‘‘मास्तर, आतां तुम्ही वाचा.’’

मीं वाचली. दोघांचें वाचन जुळलें तेव्हां तिनें पावतीची घडी केली व कमरेच्या पिशवींत घातली.