तळघरातील ओल



मी सातवीपर्यंत शिकलेली, भाषणाची सवय नाही. घरात घडले तेच सांगते. आमच्या वाईच्या जुन्या वाड्याला तळघर आहे. आषाढात तिथे कुबट वास येई, म्हणून मी रोज दार उघडे टाकी. वारा लागला की सुकेल, अशी माझी समजूत. श्रावणात ट्रंक उघडली, तर सासूबाईंच्या शालूवर बुरशी! त्या काही बोलल्या नाहीत, नुसता हात फिरवीत बसल्या.

चूक माझीच. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो ना? तशीच बाहेरची दमट हवा आत गेली की गार फरशीला पाणी सुटते. आता पावसाळाभर दार बंद. दसरा उलटून हवा कोरडी झाली की उघडायचे. शिवाय पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशीच मुरत होते. पन्हळ लावून ते लांब सोडले. ट्रंका पाटांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवल्या. मडक्यात कळीचा चुना ठेवते, तो ओल ओढतो. मडके अर्धेच भरावे, चुना फुलतो. भुकटी झाली की बदलावा. पाणी पडले तर तो उकळतो, तेव्हा पोरांना जवळ फिरकू देऊ नये.

शालूचा पदर तेवढा वाचला. त्याची लेकीसाठी चोळी शिवायला टाकली आहे.