शिक्षणातला खंड आणि त्याचा भार



शाळा सुटली की लगोलग महाविद्यालय, हा क्रम आपल्याकडे इतका रूढ आहे, की मध्ये एक वर्ष गेलेल्या मुलाकडे पाहुणेमंडळी तो नापास झाल्यासारखे पाहतात. अमेरिकेत या मधल्या वर्षाला प्रतिष्ठा आहे; मात्र ती ज्यांना परवडते त्यांच्यापुरती. हार्वर्ड विद्यापीठ प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यास वर्षभर थांबण्याची मुभा देते, किंबहुना तसे सुचवतेही. परंतु त्याच हार्वर्डचे नुसते शिक्षणशुल्क २०२३-२४ साली ५४,२६९ डॉलर होते. एवढ्या आकड्याची धास्ती घेतलेले सामान्य कुटुंब मुलाला आणखी एक बिनमिळकतीचे वर्ष कोठून देणार?

ही अडचण जाणून प्रिन्स्टन विद्यापीठाने २००९ साली एक योजना आरंभिली. निवडक विद्यार्थी पदवीच्या अभ्यासापूर्वी नऊ महिने परदेशी सेवाकार्यास जातात. शुल्क नाही, आणि बहुतेक खर्च विद्यापीठाचा. प्रारंभीच्या चार ठिकाणांत आपली वाराणसीही होती. टफ्ट्स विद्यापीठाने २०१४ साली अशीच योजना जाहीर केली. तीत निवास, विमानभाडे, इतकेच काय, व्हिसाचा खर्चही धरला होता. हेतू स्तुत्यच, पण शुल्काचे ओझे हजारोंवर आणि विसावा मूठभरांना, हा हिशेब नजरेआड करता येत नाही.

वडोदऱ्यात विद्यार्थ्याच्या खर्चाची गोष्ट निघावी आणि १९१३ साल आठवू नये, हे कसे घडावे? त्या वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले : दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. तेथून ते लंडनला पोहोचले. पण शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धाच टाकून त्यांना परतावे लागले. तोही खंडच, मात्र निवडलेला नव्हे, लादलेला. करारानुसार ते वडोदरा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तर अस्पृश्य म्हणून या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. ही गोष्ट येथील वाचकांनी विसरू नये.

लंडन विद्यापीठाने एक मात्र केले होते : चार वर्षांच्या आत परतून अभ्यास पुढे चालविण्याची परवानगी दिली होती. पैसा नव्हे, केवळ राखलेली वाट. १९२० च्या जुलैत ते पुन्हा निघाले, तेव्हा गाठीशी सिडनहॅम महाविद्यालयातील पगाराची शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज होते. मुदतीपैकी जेमतेम सव्वा वर्ष उरले होते.