अडून न राहण्याचं शास्त्र

(नाशिक येथे गोदाघाटावरील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आपण बसलो आहोत तिथून दुतोंड्या मारुती हाकेच्या अंतरावर आहे. आज मे महिना, गोदेला पाणी बेताचं, मारुतीराय कोरड्या पायांनी उभे आहेत. पण पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की साऱ्या नाशिकची नजर त्यांच्याकडे वळते. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, अशी पुराची मोजणी आपण याच मूर्तीवर करत आलो. १९६९चा महापूर ज्यांनी पाहिला ते आणि २०१६च्या ऑगस्टमधला पूर ज्यांनी मोबाईलवर टिपला ते, दोघांचीही मोजपट्टी एकच.

आता समजा, तुमचं भांडी बाजारात दुकान आहे आणि आभाळ भरून आलं आहे. पाण्यावर लक्ष ठेवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला असा की दर पाच मिनिटांनी शटर ओढायचं, घाटावर यायचं, पाणी कुठवर आलं ते पाहायचं आणि परत जायचं. दिवसभर धंदा नाही, पायांची मात्र चाळण. दुसरा मार्ग असा की घाटावरच्या एखाद्या ओळखीच्या माणसाला सांगून ठेवायचं, "दादा, पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की मला फोन करा." मग निवांत गिऱ्हाईक करायचं. फोन आला की माल माडीवर चढवायचा.

आजचा माझा सगळा विषय या दुसऱ्या मार्गात आहे. पाणी गुडघ्याला लागणं ही घटना, म्हणजे इव्हेंट. घाटावरच्या माणसाला सांगून ठेवणं ही नोंदणी. आणि फोन आल्यावर माल माडीवर चढवणं, हे आधीच ठरवून ठेवलेलं काम, त्याला प्रोग्रामर कॉलबॅक म्हणतात. पहिल्या मार्गाला पोलिंग म्हणतात. दुसऱ्या मार्गानं लिहिलेल्या प्रोग्रामला घटनाधिष्ठित म्हणायचं आणि त्याच्या पोटात जे चाक अखंड फिरत असतं, त्याला इव्हेंट लूप.

तुम्ही म्हणाल, संगणक इतका वेगवान, त्याला वाट पाहण्याची वेळ येतेच कुठे? येते, आणि आयुष्यातला बहुतेक वेळ तेवढंच करावं लागतं. आजच्या साध्या प्रोसेसरचा ठोका सेकंदाला सुमारे ३०० कोटी वेळा पडतो. नाशिकहून अमेरिकेतल्या एखाद्या सर्व्हरला विचारणा करून उत्तर परत यायला साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्यात प्रोसेसरचे ७५ कोटी ठोके पडून जातात. हा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद धरला, तर एका उत्तरासाठी त्याला जवळजवळ २४ वर्षं दारात उभं राहावं लागतं. लेक जन्माला आली तेव्हा प्रश्न विचारला आणि उत्तर तिच्या लग्नात मिळालं! या २४ वर्षांत त्यानं हात बांधून उभं राहायचं की दुसऱ्यांची कामं उरकायची, एवढाच प्रश्न आहे.

याचं उत्तर पाहायला मी माझ्या विद्यार्थ्यांना लासलगावला घेऊन जातो. आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून तिची ओळख आहे आणि या दिवसांत तिथे उन्हाळ कांद्याची आवक असते. पहाटेपासून ट्रॅक्टर आणि पिकअप आवारात रांगेनं लागतात. शेतकरी ट्रॉलीवर उभा असतो. लिलाव पुकारणारा आणि त्याच्यामागे व्यापाऱ्यांचा घोळका एका गाडीपाशी येतो. कुणी कांदा हातात घेऊन दाबून बघतो, कुणी पत्ती बघतो, कुणी ट्रॉलीच्या कोपऱ्यात हात घालून खालचा माल वर काढतो. बोली क्विंटलच्या भावानं चढते, सौदा तुटतो, चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात पडते आणि घोळका पुढच्या गाडीकडे सरकतो. सगळा मामला मिनिटा-दोन मिनिटांचा.

आता इथे नीट लक्ष द्या. काम अजून संपलेलं नाही, खरं वेळखाऊ काम तर पुढेच आहे. भरलेली गाडी काट्यावर जाणार, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल उतरणार, रिकाम्या गाडीचं वजन होणार, हिशेबपट्टी होणार, पैसे मिळणार. यात तासन् तास जातात. पण लिलाव पुकारणारा त्यातल्या कशासाठीही थांबत नाही. तो एका गाडीबरोबर काट्यावर गेला असता, तर मागच्या शेकडो गाड्या उन्हात तशाच उभ्या राहिल्या असत्या आणि दिवसभरात पाच-दहा सौदे झाले असते. चिठ्ठी हातात देऊन तो मोकळा होतो, म्हणून एका माणसाच्या आवाजावर अख्खं आवार चालतं.

इव्हेंट लूप तंतोतंत हेच करतो. गाड्यांची रांग ही घटनांची रांग. लिलाव पुकारणारा हा प्रोग्रामचा एकमेव धागा, म्हणजे थ्रेड. काटा, खळं, हमाल ही सगळी ऑपरेटिंग सिस्टीम, डिस्क आणि नेटवर्क. चिठ्ठी हा कॉलबॅक: वजन झाल्यावर पुढे काय करायचं, ते तिच्यात लिहिलेलं असतं. उपमा इथे थोडी अपुरी पडते, तेही सांगतो. बाजारात चिठ्ठी घेऊन शेतकरी व्यापाऱ्याकडे जातो. प्रोग्राममध्ये वजन झालेली गाडी पुन्हा त्याच पुकारणाऱ्याच्या रांगेत येऊन उभी राहते आणि तिची पाळी आली की पुढचं काम तोच करतो. रांगेत कुणीच नसेल, तर लूप झोपी जातो, प्रोसेसर वापरत नाही. काट्यावरून हाक आली की जागा होतो.

ही हाक देण्याची सोय एका दिवसात झाली नाही. १९८३ च्या सुमारास बर्कलेच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये 'सिलेक्ट' नावाची सोय आली. तिच्याकडे सगळ्या गाड्यांची यादी द्यायची आणि ती सगळी यादी तपासून कोण तयार आहे ते सांगायची. शंभर गाड्यांना ठीक, दहा हजारांना नाही. १९९९ मध्ये प्रोग्रामर डॅन केगेल यांनी नेमका हाच प्रश्न मांडला: एका सर्व्हरनं एकाच वेळी दहा हजार ग्राहक कसे सांभाळायचे? प्रत्येक ग्राहकामागे एक थ्रेड ठेवला आणि थ्रेडला एक एमबी जागा धरली, तरी १० जीबी मेमरी नुसती उभं राहण्यात गेली. पुढे फ्रीबीएसडीत 'केक्यू' आणि लिनक्समध्ये 'ईपोल' आलं. त्यांनी यादी चाळणं बंद केलं, फक्त जे तयार आहेत तेच पुढे केले. घाटावरचा ओळखीचा माणूस संगणकाला खऱ्या अर्थानं तेव्हा मिळाला.

भाषांची गोष्टही याला समांतर आहे. टीसीएल ही स्क्रिप्टिंग भाषा घडवणारे जॉन ऑस्टरहाउट यांनी १९९६ साली एका परिषदेत व्याख्यान दिलं. बहुतेक कामांसाठी थ्रेड हा वाईट मार्ग का आहे, हा त्याचा विषय. त्यांचं म्हणणं आपल्या पेढीवरच्या माणसाला लगेच कळेल. एकाच खतावणीत दोन दिवाणजी एकाच वेळी लिहू लागले, तर एकाची रक्कम दुसऱ्याच्या खाडाखोडीत जाते. मग कुलपं लावा, किल्ल्या सांभाळा, आणि दोघं एकमेकांच्या किल्लीची वाट पाहत बसले की पेढी बंद. दिवाणजी एकच असेल, तर हातातली नोंद पुरी होईपर्यंत वहीला दुसरा कुणी हात लावत नाही.

जावास्क्रिप्ट १९९५ च्या मे महिन्यात जन्मली. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी तिचं पहिलं रूप दहा दिवसांत उभं केलं. बटण दाबलं की काय करायचं, एवढं सांगण्यासाठी ती होती, म्हणजे ती पहिल्यापासून घटनांचीच भाषा. पुढे रायन डाल या तरुणाला फ्लिकरवर फोटो चढवताना एक गोष्ट खटकली. किती फोटो चढला हे ब्राउझरला ठाऊक नसायचं, त्याला पुन्हा पुन्हा सर्व्हरला विचारावं लागायचं. दर पाच मिनिटांनी घाटावर जाणारा दुकानदारच तो! त्यातून नोड-जेएस घडलं आणि २००९ च्या नोव्हेंबरमध्ये बर्लिनच्या परिषदेत डाल यांनी ते मांडलं. ब्राउझरमधली भाषा सर्व्हरवर आली, ती इव्हेंट लूप बरोबर घेऊनच. पायथनमध्ये हीच सोय 'असिंकआयओ' या नावानं २०१४ मध्ये मूळ भाषेसोबत मिळू लागली आणि पुढच्याच वर्षी 'असिंक' आणि 'अवेट' हे दोन शब्द आले. 'अवेट' म्हणजे, मी इथे वाट पाहतो, तोवर रांगेतल्या दुसऱ्याचं काम होऊ द्या.

एक छोटा प्रयोग घरी करून पाहा. जावास्क्रिप्टमध्ये तीन ओळी लिहा. पहिली ओळ पडद्यावर 'सौदा झाला' असं छापेल. दुसरी ओळ 'सेटटाइमआउट' वापरून शून्य मिलिसेकंदांनी 'वजन झालं' छापायला सांगेल. तिसरी ओळ 'पुढची गाडी' छापेल. पडद्यावर क्रम असा दिसेल: सौदा झाला, पुढची गाडी, वजन झालं. शून्य मिलिसेकंद सांगूनही वजन शेवटी! कारण दुसऱ्या ओळीनं काम केलं नाही, फक्त चिठ्ठी रांगेत टाकली. हातात घेतलेलं काम पुरतं संपेपर्यंत रांगेतली कोणतीही चिठ्ठी उघडली जात नाही. हा क्रम का लागला हे ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं, त्याला इव्हेंट लूप समजला.

आणि इथेच या पद्धतीचा धोकाही आहे. काही वर्षांपूर्वी मी द्राक्षबागांच्या ठिबकाची माहिती गोळा करणारा एक सर्व्हर लिहिला होता. बागेतली यंत्रं ओलाव्याचे आकडे पाठवायची, ते शेतकऱ्याच्या फोनवर दिसायचे. महिनोन् महिने उत्तम चाललं. मग मी त्यात वर्षभराचा अहवाल तयार करण्याची सोय घातली. त्याच दिवशी तक्रारी येऊ लागल्या की मधूनच सगळं गोठतं. दोन रात्री मी नेटवर्कला दोष देत बसलो. शेवटी सापडलं ते असं: कुणी एकानं अहवाल मागितला की लाखो आकड्यांची बेरीज आठ-नऊ सेकंद चालायची आणि तेवढा वेळ बाकी साऱ्या बागा मुक्या व्हायच्या. लासलगावात एखाद्या ट्रॉलीवर खालचा माल खराब निघाला आणि पुकारणारा तिथेच वाद मिटवत बसला, तर मागची रांग जशी अडते, तशी ती अडली होती. चूक माझी होती. मी ती बेरीज वेगळ्या प्रोसेसकडे सोपवली आणि सर्व्हर पुन्हा मोकळा झाला. फाईल वाचण्यासारख्या कामांसाठी नोडसुद्धा पडद्यामागे चार कामगार ठेवतंच. जड ओझं हमालाकडे द्यावं, पुकारणाऱ्याच्या डोक्यावर ठेवू नये.

या अनुभवानं मला प्रोग्रामिंगपेक्षा मोठी गोष्ट शिकवली. लूपमध्ये कुणी कुणाला जबरदस्तीनं बाजूला काढत नाही. प्रत्येक कामानं आपण होऊन जागा सोडायची असते. सारी व्यवस्था या एका सभ्यतेवर उभी आहे. मी लिहिलेल्या दहा ओळी जास्त वेळ घेतात, तेव्हा मला काहीच होत नाही. त्रास होतो तो रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाला, आणि तो मला दिसतही नाही. म्हणून चांगला प्रोग्रामर मी त्याला म्हणतो, ज्याला न दिसणारी रांग दिसते.

इथे समोर अभियांत्रिकीची बरीच मुलं-मुली बसलेली दिसतात. तुमच्यापैकी अनेकांना हा विषय अवघड वाटतो, कारण तो तुमच्यापर्यंत परक्या शब्दांत आणि परक्या उदाहरणांत पोहोचतो. पण तुमच्यातल्या कुणाचे वडील उद्या पहाटे ट्रॉली घेऊन निघणार असतील. त्यांच्याबरोबर एकदा जा. चिठ्ठी हातात पडल्यापासून पैसे मिळेपर्यंत कोण कुणासाठी थांबतं आणि कोण थांबत नाही, ते वहीत लिहून काढा. मग त्याच वहीवरून प्रोग्राम लिहा. आणि तो चालू लागला की वडिलांना विचारा, रांगेत उभं असताना त्यांना सर्वांत जास्त कशाचा राग येतो. त्या उत्तरात तुमच्या प्रोग्रामची पुढची दुरुस्ती असेल.